स्क्रेपर : लाकडाला अखेरची सफाई देणारी पट्टी

स्क्रेपर हे सुतारकामातले दिसायला सर्वांत साधे हत्यार. पोलादाची एक आयताकृती पट्टी, साधारण १५० मिलिमीटर लांब, ६० मिलिमीटर रुंद आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड. तिला ना मूठ, ना बसवलेले पाते. रंध्याने फळी सपाट केल्यानंतरची शेवटची सफाई या पट्टीने होते. तिला चांगल्या हातकरवतीचे पोलाद मानवते. ते वाकवून सोडले की पुन्हा सरळ होते, धार टिकवते आणि तरीही कानशीला दाद देते. म्हणूनच जुन्या करवतीच्या पात्यातून स्क्रेपर कापून घेण्याची पद्धत पडली.

रंध्यानंतरही स्क्रेपर का लागतो, याचे उत्तर लाकडाच्या रेषांत आहे. शिसवी लाकडात रेषा थराथराला दिशा बदलतात. एकाच फळीत एक पट्टा सुलटा, तर शेजारचा उलटा लागतो. उलट्या पट्ट्यात रंध्याचे पाते रेषांखाली शिरते आणि तंतू कापले जाण्याआधीच उचकटून खपल्या काढते. व्हायोलिनच्या पाठीसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरदार मेपलचीही हीच अडचण असते. स्क्रेपरची धार मात्र लाकडावर जवळजवळ उभी लागते. निघणारा पापुद्रा धारेपाशीच मोडतो, त्यामुळे पुढचे तंतू ओढले जात नाहीत आणि दोन्ही दिशांच्या रेषा सारख्याच साफ होतात.

कापण्याचे काम करते ती पट्टीच्या कडेवरची, डोळ्यांना नीट न दिसणारी बारीक आकडी. हत्याराचे सारे कौशल्य ती घडवण्यात आहे. पट्टी व्हाइसमध्ये उभी धरून तिची लांब कड कानशीने सरळ आणि बरोबर काटकोनात आणतात. मग कानशीचे ओरखडे जाईपर्यंत कड आणि तिच्या लगतच्या दोन्ही बाजू धार लावण्याच्या दगडावर घासतात. ओरखडा राहिला, तर तो आकडीत उतरतो आणि लाकडावर रेघ उमटवतो. त्यानंतर बर्निशर, म्हणजे पट्टीपेक्षा कडक पोलादाची गुळगुळीत कांडी, थेंबभर तेल लावून बाजूवर सपाट दाबून फिरवतात. धातू कडेबाहेर किंचित सरकतो. शेवटी कांडी कडेवरून पाच ते दहा अंश कलती करून चालवली, की तो धातू वळून आकडी तयार होते. फार जोर दिला किंवा कांडी फार कलवली, तर आकडी जास्त वळते आणि लाकडाला लागतच नाही. कडेच्या दोन्ही अंगांना आकडी काढली, की एका पट्टीला दोन लांब कडांवर चार धारा मिळतात. धार उतरल्यावर आकडी कांडीने पुन्हा काही वेळा उठवता येते. नंतर कानशीपासून सुरुवात करावी लागते.

काम करताना पट्टी दोन्ही हातांच्या बोटांत धरून अंगठ्यांनी मध्यभागी दाबतात. ती किंचित बाकदार होते, त्यामुळे कोपरे लाकडात रुतत नाहीत. पुढे कलवत नेताना आकडी जिथे लाकूड पकडते, तोच तिचा योग्य कोन. तिथून पट्टी ढकलायची. पातळ, सलग पापुद्रे निघाले तर धार ठीक आहे. भुगा पडू लागला तर ती गेली. घर्षणाने पट्टी अंगठे भाजण्याइतकी तापते, म्हणून काही जण अंगठ्यांना चामडे किंवा चिकटपट्टी गुंडाळतात. एकाच जागी फार घासले, तर तिथे खळगा पडतो आणि तो पॉलिश चढल्यावर उठून दिसतो. त्यामुळे आजूबाजूचा भागही बरोबरीने उतरवावा लागतो.

गोलाईसाठी हंसाच्या मानेसारख्या वळणाची पट्टी मिळते. मोठ्या फळीसाठी पाते दोन मुठींच्या लोखंडी चौकटीत बसवलेले असते. स्टॅन्ली कंपनीचा ८० क्रमांकाचा स्क्रेपर हा त्याचा प्रसिद्ध नमुना. त्यात पात्याचा बाक स्क्रूने ठरतो आणि अंगठे मोकळे राहतात.

या हत्याराला मर्यादाही आहेत. पाइनसारख्या मऊ लाकडाचे तंतू धारेखाली कापले न जाता दबतात आणि पृष्ठभाग लवदार होतो. तिथे धारदार रंधाच बरा. सफाईचा दुसरा पर्याय म्हणजे सँडपेपर. आयझॅक फिशर यांनी १८३४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. तो कागद शिकायला सोपा आणि कुठल्याही लाकडावर चालणारा. पण तो तंतू खरवडतो आणि भुगा लाकडाच्या छिद्रांत भरतो. स्क्रेपर तंतू कापतो, म्हणून रेषांचे सौंदर्य अधिक स्पष्ट दिसते आणि श्वासात जाणारी धूळही कमी उडते. कठीण लाकडावर आधी स्क्रेपर चालवून मग बारीक कागदाचा हलका हात फिरवला, तर रंग आणि पॉलिश सगळीकडे सारखे बसते.