मुलांची चिकटवही

अन्नपूर्णा भागातील आमच्या घराच्या माळ्यावर एक जाडजूड, फुगलेली वही आहे. माझ्या वडिलांनी ती शाळकरी वयात केली. होळकरांच्या क्रिकेट संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या दिवसांतील कात्रणे आणि कर्नल सी. के. नायडूंची छायाचित्रे तीत आहेत. मधेच एका पानावर मात्र नऊवारी नेसलेल्या एका तरुण स्त्रीचे छायाचित्र आहे. खाली एक अक्षरही नाही. ती कोण, हे आमच्या आत्याला ठाऊक होते. पण आत्या हयात असताना विचारायचे राहून गेले.

गेल्या उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या नातीने नेमके तेच पान उघडून विचारले, "आजोबा, ही कोण?" मला उत्तर देता आले नाही. त्याच दुपारी तिची स्वतःची चिकटवही सुरू झाली आणि नियम एकच ठरला : नाव, साल आणि स्थळ लिहिल्यावाचून काहीही चिकटवायचे नाही.

वही निवडताना कागद जाड आणि कोरा पाहावा. चिकटवलेल्या कागदांमुळे वही फुगते व शिवण तुटते. म्हणून दर दोन पानांनंतरचे एक पान बोटभर पट्टी ठेवून कापून टाकावे. त्या पट्ट्यांमुळे वहीच्या पाठीला जाडी मिळते आणि वही सपाट मिटते. खळ घरीच करावी. दोन चमचे मैदा थंड पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवला, की झाले. जुने बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. तो विषारी आहे, मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. त्याऐवजी खळ ताजी करावी, पातळ लावावी आणि पान पूर्ण वाळल्यावरच वही मिटावी. पावसाळ्यात तर हे काम चार दिवस पुढे ढकललेलेच बरे. चिकटपट्टी सोयीची खरी, पण काही वर्षांत ती पिवळी पडते व कागदावर डाग सोडते. (प्रसिद्ध अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली आयत्या डिंकाच्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते, म्हणजे खळीचा कंटाळा फार जुना आहे!)

वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतोच. महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या कागदावर छायाप्रत काढून तीच चिकटवावी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत तिकिटांवरची अक्षरे काही महिन्यांतच उडून जातात; त्यांवरील मजकूर शेजारी पेन्सिलीने उतरवून ठेवावा. इंदूर संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटे १८८६ पासून होती. घरातील जुन्या पत्रांवर एखादे सापडले, तर ते खळीने कदापि चिकटवू नये. कागदाची छोटी खिसेवजा पाकिटे करून त्यांत ठेवावे.

पण केवळ कात्रणांनी मुलांचे मन रमत नाही. आपल्याच इंदूरचे चित्रकार विष्णु चिंचाळकर, म्हणजे सर्वांचे गुरुजी, वाळकी पाने, काटक्या, मोडक्यातोडक्या वस्तू यांत पक्षी, प्राणी आणि माणसे शोधीत व मुलांनाही शोधायला लावीत. पाने जुन्या रद्दीत दाबून, वर वजन ठेवून, रद्दी रोज बदलावी; आठदहा दिवसांत ती वहीत लावण्याजोगी होतात. आमच्या नातीने पिंपळाच्या दोन पानांतून अन्नपूर्णा मंदिराच्या प्रवेशद्वारावरचा हत्ती केला आहे. सोंडेला चिंचेची शेंग लावली, त्यामुळे ते पान मिटत नाही. मी काही बोललो नाही. वही नीटनेटकी करण्याच्या हट्टापायी वडीलधारी माणसेच ती करू लागतात आणि मूल उठून जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

माझा आग्रह एकाच बाबतीत आहे. शाळेत हिंदी आणि इंग्रजी. मराठी केवळ कानावरची. पहिल्या पानावर नातीने 'दादी की पूरनपोली' असे लिहिले. ते खोडू दिले नाही. खाली तिच्या आजीने सांगितलेली कृती मराठीत लिहून घेतली. 'पुरण' की 'पूरण', यावर अर्धा तास वाद झाला. त्यानंतर रंगपंचमीच्या गेरीचे वर्णन तिने मला विचारून, पण स्वतःच्या शब्दांत लिहिले. त्यातील चुका तशाच आहेत.

त्या अनोळखी स्त्रीच्या छायाचित्राची प्रत तिने आपल्या वहीत लावली आणि देवास व ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना पत्रे लिहिली. दोन उत्तरे आली, दोन निरनिराळी नावे घेऊन. दोन्ही नावे तिने पेन्सिलीने खाली लिहिली असून पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. दिवाळीत ग्वाल्हेरच्या मावशीआजी येणार आहेत; त्या पानाला तोवर खूण घालून ठेवली आहे.