वास्तू घेताना : किंमत, कागद आणि परिमाण

दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, ही सोलापूरच्या जुन्या पेठांतील व्यापारी कुटुंबांची परिचित रीत. कुटुंबे वाढली, विभागली, आणि धाकट्या भावाची नजर जुळे सोलापूर, विजापूर रोड किंवा होटगी रोडकडील एखाद्या रो-हाऊसकडे वळू लागली. पुढे हातभर अंगण, वर स्वतःची गच्ची आणि बंगल्याहून कमी किंमत. मोह पडावा असेच हे घर असते. म्हणूनच ते तराजूत घालून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल घराची किंमत ४० लाख रुपये धरली, तर महापालिका हद्दीत अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्काचे २ लाख ४० हजार आणि नोंदणीचे ३० हजार रुपये वेगळे लागतात. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते. येथे ती ४० हजारांची होईल. उरलेल्यापैकी २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे २१ हजार ७०० रुपये पडतो आणि एकूण परतफेड ५२ लाखांवर जाते. व्यापाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारावा : हातची रक्कम दुकानाच्या फिरत्या भांडवलातून काढली, तर हंगामात माल भरण्यासाठी पुन्हा व्याजानेच पैसे आणावे लागतील काय? तसे असेल तर घराची खरी किंमत खरेदीखतातील आकड्याहून अधिक आहे.

मग कागद. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून तपासून घ्यावा. नकाशा हाती घेऊन घर फिरून पाहावे; पुढची-मागची मोकळी जागा झाकून खोली काढली असेल, तर ते बांधकाम अनधिकृत ठरू शकते. जमिनीचा हिस्सा आपल्या नावे होणार की संस्थेच्या, हेही विचारावे. रेरा कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. लहान रो-हाऊस योजना पुष्कळदा याच सवलतीत बसतात. तेथे ग्राहकाने स्वतःच अधिक दक्ष असावे.

नंतर प्रत्यक्ष वास्तू. रो-हाऊसची भिंत शेजाऱ्याशी सामायिक असते. त्याच्या न्हाणीघराची ओल आपल्या देवघरात उतरू शकते. घर एकदा वैशाखातील दुपारी आणि एकदा पावसानंतर पाहावे. पश्चिमेची भिंत किती तापते आणि गच्ची कोठे झिरपते, हे त्या दोन भेटींत कळते. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून हौद किती लिटरचा आहे आणि तो धुता येतो का, हे पाहणे आवश्यक. पाणी गाळून वापरणाऱ्या कुटुंबाला अनेक दिवस साठलेल्या पाण्यातील जीवोत्पत्तीचा विचार टाळता येत नाही.

दिनचर्याही मोजावी. हिवाळ्यात सोलापुरात सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. दुकान पेठेत आणि घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर सूर्यास्तापूर्वीचे भोजन घरी होईल की डबा दुकानी न्यावा लागेल? घरातील वडीलधाऱ्यांना जिनदर्शनासाठी पायी जाता येईल, की रोज नातवाच्या स्कूटरची वाट पाहावी लागेल? जाहिरातीत या गोष्टी नसतात.

किमतीचा काही भाग रोखीने द्यावा आणि कागदावर कमी दाखवावा, असा आग्रह काही ठिकाणी होतो. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहेच. शिवाय तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात कूटलेखक्रिया हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. खोटे खरेदीखत याहून वेगळे काय?

त्याच अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार मोजताना क्षेत्र आणि वास्तू यांची नावे आरंभीच येतात. गृहस्थाला घर निषिद्ध नाही. मर्यादा न ठरवता घरामागून घर जोडणे हा दोष आहे. याच सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ मध्ये जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली आणि १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली संपूर्ण संपत्ती त्याला अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमाला त्यातूनच उभी राहिली. तेवढा त्याग सर्वांना झेपणार नाही. परंतु राहण्यापुरते एक घर, स्वच्छ कागद आणि झेपेल एवढे कर्ज, ही मर्यादा कोणत्याही कुटुंबाला पाळता येते. बयाणा देण्यापूर्वी घरातील सर्वांनी, सुनांसह, एकत्र बसून ती ठरवावी आणि वहीत लिहून ठेवावी. सौदा त्या आकड्यात बसला नाही, तर तो सोडून देण्यात तोटा नाही.