वर्गणीचा हिशेब आम्ही दिला. नेते कधी देणार?



मी एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात कारकून आहे. दिवसभर जमा आणि खर्च यांचा ताळा बसवायचा, हे माझे काम. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या बुद्धविहाराची कामे पाहतो. कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाचे रेशनकार्ड, कोणाच्या मुलीची शिष्यवृत्ती. निवडणूक आली की पक्षाचे काम करतो. मी पुढारी नाही, सतरंजी अंथरणारा आणि सभा संपल्यावर तीच सतरंजी झटकून घडी घालणारा कार्यकर्ता आहे. आज जे लिहितो आहे ते कोणाला चढवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी नव्हे. मनात साचले आहे, आणि ते माझ्या एकट्याच्याच मनात नाही, म्हणून लिहितो आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. आमच्या मतदारसंघात आपल्या एका गटाचा उमेदवार उभा राहिला. गटाचे आणि उमेदवाराचे नाव लिहीत नाही; कारण गटाचे नाव बदलले तरी गोष्ट तीच राहील. उमेदवार वस्तीत आला, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला आणि म्हणाला, "या वेळी माघार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून मी आणि आणखी तिघे जण पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलो. कोणी ५० रुपये दिले, कोणी १००. काहींच्या हातात नुकताच बोनस आला होता. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी पदराची गाठ सोडून ५० ची नोट दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, आपला माणूस आहे ना? मग घ्या." ११२ घरांतून ११,३५० रुपये जमले.

४ नोव्हेंबर हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत मुदत होती. चारच्या सुमारास मला कामावर फोन आला, "तुमच्या साहेबांनी अर्ज मागे घेतला." मी साहेबांना फोन लावला. फोन बंद. जिल्ह्याच्या नेत्याला लावला. ते म्हणाले, "वरून आदेश आला, समाजाच्या हिताचा निर्णय आहे." कोणते हित, कोणाशी बोलणी झाली, त्यात वस्तीला काय मिळणार, यातले एक अक्षरही सांगितले नाही. चार दिवसांनी आमचा उमेदवार ज्याच्या विरोधात उभा होता त्याच्याच व्यासपीठावर बसलेला दिसला.

त्या रात्री घरी गेलो तेव्हा आई जागी होती. आई ७२ वर्षांची आहे. तिने आजवर एकही मतदान चुकवलेले नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी दिवस भरत आलेले असतानाही ती रांगेत उभी राहिली होती. ती म्हणाली, "बाळा, आता कुठं बटन दाबायचं?" मला उत्तर देता आले नाही. मग ती म्हणाली, "तुझ्या बाबांनाबी मी हेच विचारायची. त्यांनाबी सांगता यायचं नाही."

कंस कोणी टाकला?

माझे वडील गिरणी कामगार होते. त्यांची पत्र्याची पेटी अजून घरात आहे. तिच्यात जुन्या पावत्या आहेत. सभेच्या, मोर्चाच्या, नामांतराच्या लढ्याच्या, जयंतीच्या. मी त्या पावत्या एका रविवारी तारखेप्रमाणे लावल्या. पक्षाचे नाव सगळीकडे एकच आहे, पण त्यापुढे कंस आहे आणि कंसात कोणा ना कोणा नेत्याचे आडनाव आहे. वर्षे बदलतात तसे कंसातले आडनाव बदलते. वर्गणी देणाऱ्याचे नाव मात्र प्रत्येक पावतीवर तेच आहे.

रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. बाबासाहेबांनी तो योजला होता. पण ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि स्थापनेचे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. थोड्याच काळात 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे दोन गट झाले. पुढे कांबळे, गायकवाड, खोब्रागडे, गवई अशी गटांना नावे पडत गेली.

तरीही लोक मागे हटले नाहीत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा देशभर तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. माझे आजोबा त्यांतले एक. घरात दाणा नव्हता, पण मागण्यांचा कागद त्यांना तोंडपाठ होता. कशासाठी तुरुंगात जातो हे प्रत्येकाला ठाऊक होते. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे समाज लढला. त्यात घरे जळाली, माणसे गेली. त्या लढ्यात कंसाबाहेरचा माणूस एक होता. फूट पडली ती नेहमी वर पडली, खाली नाही.

ताळेबंद काय सांगतो?

कोणी म्हणेल, हे भावनेचे बोलणे झाले. म्हणून आकडेच मांडतो.

महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा. १९९६ ला शिवसेना-भाजप युतीने ३३ जिंकल्या आणि काँग्रेसने १५. त्यानंतर ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जणांचे बळी गेले आणि सारा समाज पेटून उठला. लोकांच्या रेट्याने नेते एकत्र राहिले, काँग्रेसशी समझोता झाला. १९९८ ला काँग्रेस ३३ वर गेली आणि रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार झाले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा राखीव नव्हे, खुल्या.

माझे पहिले मत त्याच निवडणुकीतले. आमच्या मतदारसंघात आपला उमेदवार नव्हता, मित्रपक्षाच्या चिन्हावर शिक्का मारायचा होता. तरी मारला, कारण त्या बदल्यात दुसरीकडे मित्रपक्षाची मते आपल्या माणसाला पडणार होती. वडिलांनी तो व्यवहार घरात बसवून समजावून सांगितला होता. निकालाच्या रात्री वस्तीत पेढे वाटले, तेव्हा ते म्हणाले होते, "आता कंस गेला."

कंस गेला नव्हता. १९९९ ला पुन्हा निवडणूक लागली, तोवर गट पुन्हा वेगळे झाले होते. चारचे दोन झाले. एक अकोल्यात, एक पंढरपुरात. त्यानंतर चौघे एकत्र कधी निवडून आले नाहीत. २०११ मध्ये एक गट शिवसेना-भाजपबरोबर गेला आणि पुढे केंद्रात राज्यमंत्रिपद मिळाले. दुसरीकडे २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला मित्रपक्षासह ४० लाखांच्या वर मते पडली. पण वंचितचा स्वतःचा एकही उमेदवार निवडून आला नाही. औरंगाबादची जागा मित्रपक्षाला मिळाली. एका वाटेने खुर्ची मिळाली, दुसऱ्या वाटेने मते मिळाली. दोन्हींच्या खतावणीत मतदाराच्या नावावर काय जमा झाले, हे कोणी सांगत नाही.

युती करूच नये असे मी म्हणत नाही. १९३२ च्या पुणे करारापासून आपल्याला संयुक्त मतदारसंघात लढावे लागते. इतरांच्या मतांशिवाय आपला माणूस निवडून येत नाही, हे साधे गणित आहे. बाबासाहेबांनीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाशी सहकार्य केले होते. पण शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात कोणाशी सहकार्य करायचे नाही, हेही काळ्यावर पांढरे करून ठेवले होते. मतदाराला आधी माहीत होते. ते स्वतः १९५२ ला मुंबईत हरले आणि १९५४ ला भंडाऱ्यातही हरले. पण आपल्याला अंधारात ठेवले असे एकाही मतदाराला म्हणता आले नाही. आजचा राग पराभवाचा नाही, अंधारात ठेवल्याचा आहे.

दोष आपलाही

आता आपल्याकडेही पाहू. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात भक्ती आणि व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण हे भाषण दर वर्षी संविधान दिनाला वाचतो आणि दुसऱ्या दिवशी नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर लावतो. 'समाजाच्या हिताचा निर्णय' म्हटले की आपण गप्प बसतो. प्रश्न विचारणाऱ्याला 'फुटीर' म्हणतो. मी स्वतः असे म्हटलेले आहे. त्या उमेदवारासाठी ५० रुपये मागताना मी एकदाही त्याला विचारले नव्हते की, माघार घेतलीस तर आम्हाला काय सांगशील? ताईंना शब्द त्याने दिला नव्हता, मी दिला होता.

म्हणून मी एकच गोष्ट केली. मतदानाच्या आधीच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर सर्वांना थांबवले आणि वर्गणीचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. जमा ११,३५०. खर्च ४,२००, त्याच्या पावत्या सतरंजीवर मांडल्या. शिल्लक ७,१५०. म्हणालो, "माझ्या शब्दावर तुम्ही पैसे दिले. शब्द खोटा ठरला. झालेला खर्च मी पगारातून भरून देतो. ज्यांना पैसे परत हवे आहेत त्यांनी घ्यावेत." बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याच ताई उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोरांच्या तोंडचं काढून आम्हाला नको. राहिलेल्या पैशांत मुलांच्या अभ्यासिकेला दिवे आणि टेबल घ्या. पण पुढच्या वेळी पावती पुस्तक आणाल, तेव्हा त्या साहेबाला बरोबर आणा. आम्हाला त्याला चार गोष्टी विचारायच्या आहेत."

अभ्यासिकेला दिवे लागले. आणि त्या चार गोष्टी आम्ही वहीत लिहून काढल्या. इतर वस्त्यांतल्या बंधू-भगिनींना उपयोगी पडाव्यात म्हणून येथे देतो.

पहिली, युती करायची तर अटी लेखी हव्यात, आणि सही करण्याआधी त्या वस्तीच्या सभेत वाचून दाखवाव्यात. दुसरी, माघार घ्यायची वेळ आली तर उमेदवाराने त्याच दिवशी वस्तीत येऊन कारण सांगावे. तिसरी, वर्गणीचा हिशेब निवडणुकीनंतर महिन्याभरात द्यावा. कायद्याने उमेदवाराला खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत निवडणूक अधिकाऱ्याला द्यावाच लागतो; मग जो सरकारला देतो तो समाजाला का देऊ नये? चौथी, उमेदवाराचे मालमत्तेचे आणि गुन्ह्यांचे प्रतिज्ञापत्र वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी काढून सर्वांना वाचून दाखवावे. ते सर्वांना पाहता येते, कोणाच्या परवानगीची गरज नाही.

या चार गोष्टींनी गटबाजी उद्या संपेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. पण नेत्यांच्या ऐक्याची वाट पाहण्यात तीन पिढ्या गेल्या. वस्तीचे ऐक्य तर आपल्या हातात आहे. अटी नसलेल्या निष्ठेला बाजारात भाव मिळतो, पण तो भाव दुसराच घेतो. आपली निष्ठा बाबासाहेबांच्या विचाराशी आहे. ती कोणा गटाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलेली नाही.

२० नोव्हेंबरला सकाळी सातला आई पांढरी साडी नेसून तयार होती. मी विचारले, "ठरलं का कुठं दाबायचं?" ती म्हणाली, "ते मी तुला का सांगू? मत बाबासाहेबांनी मला दिलंय." चालताना तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मी हात धरला. केंद्रावर रांगेत त्या ताई आमच्या पुढेच उभ्या होत्या. कामावर उशीर होईल म्हणून घाईत होत्या; पण आईला पाहून त्यांनी आपली जागा तिला दिली.

जय भीम!