चित्रातील मुळशी

पावसाळा सुरू झाला की मुळशी तालुक्यातील ताम्हिणी घाटात धबधबे पाहणाऱ्यांपेक्षा त्यांची छायाचित्रे टिपणाऱ्यांचीच गर्दी अधिक होते. धरणाचा विस्तीर्ण जलाशय, त्यावर उतरलेले धुके, पलीकडचे हिरवे डोंगर, ही दृश्ये घटकाभरात असंख्य मोबाइलच्या पडद्यांवर पोहोचतात. पाहणारा सुखावतो आणि बोट पुढे सरकवितो. मुळशी त्याने पाहिलेली असते. ती त्याला कळली काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

या जलाशयाखाली गावे आहेत. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. 'काळ'कर्ते शि. म. परांजपे यांनी त्यासाठी कारावास पत्करला. १९२४ पर्यंत चाललेला हा लढा अयशस्वी ठरला. तथापि त्याने उभे केलेले प्रश्न मूलभूत होते. सार्वजनिक हित म्हणजे नेमके कोणाचे हित? नुकसानभरपाई सावकाराच्या पेटीत जाणार की कसणाऱ्याच्या हाती पडणार?

असे प्रश्न छायाचित्रात मावत नाहीत. चित्र 'आहे' एवढेच सांगू शकते. 'नव्हते', 'म्हणून', 'परंतु' हे शब्द त्याच्यापाशी नाहीत. पाणी दिसते, बुडालेले शेत दिसत नाही. कार्यकारणभावाची साखळी जोडावयाची तर वाक्यच लागते.

चलच्चित्र याहून बरेच अधिक सांगू शकते, हे मान्य केले पाहिजे. प्रवीण तरडे दिग्दर्शित 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाने जमीन गमावलेल्या शेतकरी कुटुंबाची आणि गुन्हेगारीकडे वळलेल्या त्याच्या मुलाची व्यथा लाखो प्रेक्षकांपर्यंत नेली. विनायकराव भुस्कुटे यांनी लिहिलेला सत्याग्रहाचा इतिहास ज्यांनी कधी उघडला नसता, त्यांनाही जमिनीचा प्रश्न जाणवला, हे श्रेय निःसंशय त्याचेच. परंतु लक्षात काय राहिले? पुष्कळांच्या मनात 'मुळशी' म्हणजे सोन्याच्या साखळ्या आणि पिस्तुले असेच समीकरण बसले. कायद्याच्या बळावर घेतलेली जमीन आणि बाजारभावाने विकलेली जमीन यांतील भेद, हिंजवडीसारखे गाव माहिती तंत्रज्ञानाचे केंद्र झाल्यावर आसपासच्या जमिनींचे भाव का चढले, एकरकमी आलेला पैसा कायम उत्पन्नात का रूपांतरित झाला नाही, ही चर्चा मागे पडली.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीची विपुलता अवधानाची टंचाई निर्माण करते. दृश्यांच्या बाजारात खर्ची पडते ते आपले अवधान. जे घटकाभरात डोळ्यांत भरत नाही ते या बाजारात मागे पडते, आणि पुनर्वसन, मोबदला, कुळहक्क हे विषय तसे डोळ्यांत भरणारे नव्हेत. मग त्यांवरील निर्णय मूठभरांच्या हाती राहतात, आणि बहुसंख्यांच्या वाट्याला केवळ हळहळ किंवा संताप येतो.

चित्रे टाळणे हा यावरील उपाय नव्हे. शिक्षकाने जलाशयाचे तेच छायाचित्र वर्गात अवश्य दाखवावे, आणि विद्यार्थ्यांना विचारावे: हे पाणी कोणाचे, वीज कोणास मिळाली, आणि किंमत कोणी मोजली? उत्तरे शोधण्यासाठी ग्रंथालयाची पायरी चढावी लागेल. तेवढी सवय जरी जडली, तरी चित्र पाहणे सार्थकी लागेल.