पाण्यापासून जपायचा देव

परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठल्याही गावातल्या जुन्या घराचं देवघर पाहा. देव्हारा सागवानी असतो. खांबांवर वेलबुट्टी, कमानीवर समोरासमोर दोन मोर, वर कळस. आत चांदीचे टाक असतात, पितळी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा असते, शाळिग्राम असतो, बाण असतो. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी, खंडोबा अशी कुळाकुळाप्रमाणे मंडळी बसलेली असतात. लाकडाचा देव मात्र बहुधा एकही नसतो. घर सुताराने बांधलं आणि घरधनी सोनाराने घडवला, अशी ही वाटणी आहे.

तिचं कारण पाणी. आपल्या रोजच्या पूजेत स्नान आहेच, आणि सणावाराला पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर आणि वर गरम पाणी हे सगळं धातू सोसतो, दगड सोसतो. टाक झिजले, काळवंडले, तर लग्नाआधी सोनाराकडे नेऊन देव उजळून आणतात. लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आक्रसतं आणि दोन-चार वर्षांत देवाच्या छातीवरून उभी चीर जाते.

म्हणून लाकडी देवाला आपल्या परंपरेत स्थान नव्हतं असं कुणी समजू नये. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यात दगडाच्या पाठोपाठ लाकूडच येतं. पैठणच्या एकनाथांनी याच स्कंधावर मराठी टीका लिहिली आणि ती 1573 मध्ये काशीत पूर्ण केली. म्हणजे ही आठांची यादी गोदाकाठच्या माणसाला साडेचारशे वर्षं त्याच्या भाषेत ठाऊक आहे. त्याच अध्यायात लेपाच्या आणि चित्ररूप प्रतिमेला स्नान न घालता पुसून घेण्याचा संकेत आहे. रंगवलेल्या लाकडालाही परंपरेने हाच नियम लावला जातो.

त्याच्याही हजारेक वर्षं आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड निवडायला वनात कसं शिरावं यावर एक अख्खा अध्याय लिहिला. स्मशानातलं, चौरस्त्यावरचं, देवळाजवळचं, वारुळावरचं, नदीच्या संगमावरचं झाड नको. वीज पडलेलं, वाऱ्याने मोडलेलं, हत्तीने मोडलेलं नको. ज्यावर पाखरांची घरटी आहेत किंवा मधाचं पोळं आहे, तेही नको. झाड ठरलं की रात्री त्याची पूजा करायची, त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवण्याची विनंती करायची, आणि सकाळी मध-तूप लावलेल्या कुऱ्हाडीने घाव घालायचा. तोडण्याआधी खोडावर दिशांच्या खुणा करायच्या, वर कुठलं आणि खाली कुठलं तेही नोंदवायचं. कारण झाड जसं उभं होतं तशीच मूर्ती उभी राहायला हवी. आजही समजदार कारागीर ठोकळ्याचा बुडखा आणि शेंडा ओळखल्याशिवाय पटाशी उचलत नाही. पुढच्या अध्यायात लाकडाच्या आणि मातीच्या प्रतिमेचं फळ दिलं आहे: आयुष्य, संपत्ती, बळ आणि विजय. सोन्या-चांदीच्या प्रतिमांनाही एवढी फळं एकत्र दिलेली नाहीत.

आणि मोठ्या क्षेत्रांचं पाहिलं तर लाकूड आणि पाणी यांचा हा पेच तिथे उत्सवाचाच भाग झाला आहे. पुरीचा जगन्नाथ कडुलिंबाचा. ज्येष्ठ पौर्णिमेला तिथल्या मूर्तींना मिळून 108 घागरींनी स्नान घालतात. मग देव आजारी पडतो, पंधरवडाभर दर्शन बंद होतं आणि त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवून सजवली जाते. अधिक आषाढ येतो त्या वर्षी मूर्तीच नव्या घडवतात; 1996 आणि 2015 ही अलीकडची अशी वर्षं. कांचीपुरमचा अत्तीवरदर औदुंबराच्या लाकडाचा आहे. तो चाळीस वर्षं देवळाच्या तळ्यात पाण्याखाली असतो आणि मग 48 दिवस बाहेर येतो. 1979 नंतर तो 2019 मध्ये बाहेर आला. लाकडाला मारक असतं ते भिजणं आणि वाळणं यांचं आळीपाळीने चालणारं चक्र. सतत पाण्याखाली हवा मिळत नसल्याने बुरशी फोफावत नाही आणि लाकूड टिकतं. रोज ओलं करून रोज उन्हात वाळवलेलं लाकूड मात्र टिकत नाही.

आपल्या भागात लाकडाचे देव होते, आहेत, फक्त ते देव्हाऱ्याबाहेर राहिले. पहिला दारावर. जुन्या वाड्यांच्या चौकटीवरची गणेशपट्टी आठवा. मधोमध वीतभर गणपती, दोन्ही बाजूंना फुलं. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागतं, झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण येतं, आणि एवढ्यावर तो शंभर-शंभर वर्षं निभावतो. त्याच्यावर पाणी कुणी घालत नाही. दुसरा म्हणजे पांढऱ्या रुईच्या मुळीचा गणपती. जुन्या मुळीला आपसूक सोंडेसारखा आकार येतो. कारागीर डोळे आणि कान किंचित उठवून देतो, आणि अनेक घरांत तो शेंदूर लावून ठेवतात. तिसरी मरीआई. कडकलक्ष्मीवाल्या बाईच्या डोक्यावरचा तो लाकडी देव्हारा, त्यातली वस्त्रांनी आणि मोरपिसांनी झाकलेली देवी, सोबतीला ढोलकं घासून काढलेला गुबुगुबु आवाज आणि अंगावर कोरडे ओढून घेणारा पोतराज. गावोगाव चालत जाणाऱ्या देवीला दगडाचं घर झेपणारच नव्हतं. तिन्ही ठिकाणी पूजा हळद-कुंकवाची आणि शेंदराची आहे, अभिषेकाची नाही.

परभणी जिल्हा तसा दगडी शिल्पाचा. चारठाण्याची देवळं आणि दीपमाळ, धारासूरचं गुप्तेश्वर, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी ही इथली कीर्ती. जंगल नावापुरतं, शेतं कापसाच्या काळ्या जमिनीची, झाडं बाभूळ आणि कडुलिंबाची. चांगला साग यायचा तो किनवट-माहूरच्या आणि आदिलाबादच्या रानांतून. इथला सुतार बलुतेदार होता: नांगर, वखर, तिफण, गाडी. देव हा त्याचा धंदा नव्हता, पण हात त्याच्याकडे होता, हे गणेशपट्ट्या आणि देव्हारे सांगतात. लोखंडी अवजारं आणि ट्रॅक्टर आल्यावर त्याचं शेतीचं काम गेलं आणि हा हात मुख्यतः फर्निचरकडे वळला. मला ही फार मोठी हानी वाटते, कारण दगडातलं कोरीवकामही मुळात लाकडाकडून शिकलं आहे. मराठवाड्यातच त्याचा पुरावा उभा आहे. वेरुळच्या दहाव्या लेण्यात छताला दगडात कोरलेल्या कमानी तुळया आहेत, अगदी लाकडी छताच्या. लोक त्याला सुतार झोपडी म्हणतात आणि आतल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार तिथे पूजेला येत असत. माघ शुद्ध त्रयोदशीला, विश्वकर्मा जयंतीला, हत्यारांना फुलं वाहणाऱ्या सुताराचं नातं त्या लेण्यापर्यंत पोचतं.

आता काम कसं चालतं ते पाहू. वीतभर गणपती घ्या. मत्स्यपुराणात घरच्या प्रतिमेचं माप अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच सांगितलं आहे, तेव्हा हे माप पूजेलाही योग्य. लाकूड सागाचं किंवा शिवणीचं. शिवण हलकी, मऊ आणि न वाकणारी. साग तेलकट, वाळवीला दाद न देणारा. ठोकळा गाभ्याचा हवा, पण खोडाचा अगदी मधला बिंदू त्यात येता कामा नये. लाकूड सुकताना वर्तुळांच्या दिशेने जितकं आक्रसतं, तितकं मध्यातून सालीकडे आक्रसत नाही. फरक जवळजवळ दुपटीचा असतो. मधला बिंदू मूर्तीत राहिला की ही ओढाताण चीर पाडूनच थांबते. परभणीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि जुलैत हवा दमट होते. इथे हे आणखी लवकर घडतं. म्हणून ठोकळा सावलीत, टोकांना मेण किंवा रंग लावून, महिनोन्महिने वाळवावा लागतो. घाईचं गिऱ्हाईक इथेच फसतं.

ठोकळ्याच्या समोरच्या आणि बाजूच्या अंगावर पेन्सिलीने आकृती काढतात. करवतीने कोपरे उडवतात, रुंद पटाशीने मोठे उतार काढतात: मुकुट, पोट, मांडी. सुरुवातीला मूर्तीला नाक-डोळे नसतात, नुसती उंचसखल अंगं असतात, आणि सगळं काम त्यावरच ठरतं. पोट चुकलं तर पुढे कितीही दागिने कोरा, गणपती बसत नाही. मग गोल पटाशी येते. रेषेच्या विरुद्ध मारलेली पटाशी लाकूड उचकटते, म्हणून कारागीर दर काही घावांनी मूर्ती फिरवतो. सोंड ही खरी परीक्षा. लाकडाच्या रेषा उभ्या, आणि सोंडेचं वळण आडवं. तिथे रेषा तुटतात आणि ते टोक सगळ्यात कच्चं होतं. म्हणून जुन्या लाकडी गणपतींची सोंड पोटाला टेकलेली दिसते, मोदकाचा हात छातीजवळ असतो, कान मागे खांद्याला चिकटलेले असतात. ही ठेवण सौंदर्याचीही आहे, पण तिच्या मुळाशी लाकडाची रेषा आहे. डोळे शेवटी. मग कानस, पॉलिश पेपर, आणि जवसाचं तेल किंवा लाखेचं पॉलिश.

सागवानी गणपती, बासरीवाला कृष्ण, विठ्ठल-रखुमाई हल्ली नव्या घरांच्या दिवाणखान्यात मोठ्या हौसेने येतात. त्यात यंत्राचे बरेच असतात, आणि लाकडाचा भुसा राळेत ओतून केलेलेही. ओळखायचं कसं? मूर्ती उलटी करा. अख्ख्या उभ्या ठोकळ्यातून काढलेल्या मूर्तीच्या बुडाशी झाडाची वर्तुळं दिसतात. ओतीव मालात ती नसतात. मग सोंडेच्या मागे, काखेत, कानाच्या आड बोट घाला. वरून खाली चालणारं साधं सीएनसी यंत्र तिथे पोचत नाही, जागा बुजलेली राहते. हाताची पटाशी मात्र तिथे शिरलेली असते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांचं किंवा पिंगुळीच्या ठाकर कळसूत्री बाहुल्यांचं काम कुठे मांडलेलं दिसलं, तर थांबून पाहा. दशावतारी गंजिफातले देव आणि बाहुल्यांचे लाकडी चेहरे पाहिले की हाताने केलेल्या कामाला डोळा सरावतो. परभणीच्या सुतारालाही असं काम सांगणारं गिऱ्हाईक हवं आहे. दरवाजाचं काम देताना त्याच्याकडून गणेशपट्टी मागावी. सपाट फळीवरचा उठाव त्याच्या हाताला लवकर येईल आणि तिथून पूर्ण मूर्तीकडे जाणं अवघड नाही.

अशा देवाची पूजा करावी का, हे मला अनेकांनी विचारलं आहे. जरूर करावी. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच उपचार त्याला चालतात. स्नानाऐवजी ताम्हनातल्या सुपारीवर किंवा शेजारच्या धातूच्या मूर्तीवर पाणी घालावं आणि लाकडी मूर्ती कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. समई हातभर दूर ठेवावी, खिडकीचं ऊन थेट येऊ देऊ नये. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. बारीक चीर दिसली तर त्याच लाकडाचा भुसा आणि सरस भरून सुतार ती बुजवतो.

आणि मूर्ती खरोखरच जीर्ण झाली, कीड लागली, मोडली, तर आपल्याकडे तिला गोदावरीत सोडायची किंवा पिंपळाच्या पारावर ठेवायची रीत पडली आहे. अग्निपुराणातला जीर्णोद्धाराचा विधी वेगळं सांगतो: दगडाची मूर्ती पाण्यात सोडावी, धातूची आणि रत्नाची अथांग पाण्यात किंवा समुद्रात, आणि लाकडाची मंत्रपूर्वक अग्नीत द्यावी. लाकूड पाण्यावर तरंगतं, वाहत जाऊन कुठल्या तरी बंधाऱ्याला अडकतं आणि तिथे कुजतं. गंगाखेडच्या घाटावर अशा मूर्ती घेऊन येणाऱ्यांना तिथल्या पुरोहितांनी हे सांगितलं, तर त्यात शास्त्रही राहील आणि नदीही.