बारीक माणसाची शुगर

देवळीच्या बाजारात एखाद्या काटकुळ्या माणसाला शुगर निघाली की प्रश्न ठरलेला: ‘अंगावर मांस नाही, अन् याले शुगर कशी झाली जी?’ मग कुणी कारल्याचा रस सुचवतं, कुणी जांभळाच्या बियांची पूड. (त्यात मेथीदाणे बरे, त्यांतल्या चिकट तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते.) पण प्रश्न नेमका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनाही तो छळत होता.

ऑक्सफर्डहून ते परतले तेव्हा मधुमेही म्हणजे लठ्ठ आणि उतारवयाचा, असं पाश्चात्त्य पुस्तकं शिकवत. समोर येत होते ते तरुण, सडपातळ, पोट तेवढं पुढे आलेले. पुस्तक खरं की रोगी?

माग काढता काढता ते थेट गर्भापर्यंत पोचले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५. हातपाय बारीक, पोट लहान. पण पाठीवरची त्वचा चिमटीत धरून मोजली, तर तिथली चरबी त्या मानाने बरीच शाबूत! कमी पडले होते ते स्नायू. ज्या आया पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं जरा थोराड निघाली, हेही त्याच खेड्यांनी दाखवलं.

आणि स्नायूंवरच तर सारं आहे. चालताना, वजन उचलताना आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. त्यामुळे ‘तू तर बारीकच, तुला कशाला व्यायाम?’ हा सल्ला माझ्या मते निव्वळ घातकी.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन माणसांचा फोटो छापून आला: याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. क्ष-किरणांनी मात्र बिंग फोडलं. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! खालच्या मजकुरात मिश्कील कबुली होती: युडकिन मॅरेथॉन धावतात, याज्ञिक धावतात ते रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत. पुढे आणखी एक नोंद होती. जन्मताना याज्ञिकांचं वजनही कमीच भरलं होतं.