बर्फाच्या देशात धाबी गळू लागली

जोमसोम (नेपाळ) : आपल्याकडे कुणाच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम असेल, तर तो इथल्याच काली गंडकीतला. मुक्तिनाथला निघालेले आपले यात्रेकरूही याच वाटेने वर जातात. अन्नपूर्णा आणि धवलागिरीच्या पाठीमागचा हा मुस्तांग जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस. शेती चालते ती बर्फावर. हिवाळ्यात डोंगरावर साठलेला बर्फ उन्हं तापली की हळूहळू विरघळतो, झरे वाहतात, जवाच्या शेतांत पाटाचं पाणी खेळतं.

आता हिवाळे कोरडे जातात आणि पावसाळ्यात नको तेवढं पाणी एकदम कोसळतं. १३ ऑगस्ट २०२३ला कागबेनीत ओढ्याला चिखलाचा लोंढा आला आणि घरं, पूल वाहून गेले. वर लोमंथांगकडची घरं मातीची, सपाट छपराची, आपल्याकडच्या धाब्याच्या घरांसारखीच. कोरड्या थंडीत त्यांची ऊब मोठी. पण संततधार लागली की छत ओलं होतं, गळतं. त्यावर पत्रे टाकले की पाऊस अडतो आणि ऊब जाते. शेकडो वर्षांचं बांधकामाचं शहाणपण असं एका पिढीत निकामी व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

सफरचंदाच्या बागाही वर सरकताहेत. खालच्या गावांत थंडी पुरत नाही; वरच्या मुस्तांगला मात्र हे नवं पीक मिळालं आहे.

पूर्वेकडे एव्हरेस्टजवळच्या इम्जा या हिमसरोवराची पातळी, ते फुटू नये म्हणून, २०१६मध्ये तीन मीटरहून अधिक खाली आणली गेली. ते आवश्यकच होतं. पण १६ ऑगस्ट २०२४ला थामे गावावर जे पाणी आदळलं, ते धोकादायक सरोवरांच्या यादीत नसलेल्या छोट्या तळ्यांचं होतं. म्हणून यादीपेक्षा वरच्या कुरणांत जनावरं चारणाऱ्या माणसांचं ऐकायला हवं, असं मला वाटतं.

इकडे मुस्तांगात झरे आटल्यावर काही गावांनी जागाच बदलली. सामझोंगला लोच्या, म्हणजे वरच्या मुस्तांगच्या, माजी राजांनी, जिग्मे दोर्जे पलबर बिस्त यांनी, जमीन दिली आणि नवं गाव वसलं. धे गावाला असा दाता नव्हता. तिथल्या बहुतेक कुटुंबांनी खाली थांगचुंगला जायचं ठरवलं, नदीकाठी सफरचंदाची बाग उभी केली. पण त्या जमिनीचे कागद नावावर व्हावेत म्हणून त्यांना वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालावे लागले.